उतारावरच्या जंगलात आधुनिक घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीव्र उतार, उंच झाडी आणि त्यात आपलं घर, असं चित्र डोळ्यांसमोर ठेवून येणाऱ्या माणसांशी मी बरीच वर्षं बोलत आले आहे. त्यांचे प्रश्न बहुतेक वेळा सारखेच असतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून काढली. सगळ्या उत्तरांतून माझं एक मत डोकावेल, ते आधीच सांगते. अशा जागेवर घराचा प्लॅन, म्हणजे वरून दिसणारा खोल्यांचा नकाशा, आधी काढायला बसू नका, आधी छेद काढा. उतार वरून खालपर्यंत सुरीने उभा कापला तर जमीन, खडक, पाणी, मुळं आणि घर एकमेकांत कसे बसलेले दिसतील, ते चित्र म्हणजे छेद. तो जमला की प्लॅन मागोमाग येतो.

जागा खूप आवडली आहे. घ्यावी की नाही, हे कसं ओळखायचं?

जोराचा पाऊस चालू असताना जाऊन या. कोरड्या दिवसांत कुठलाही उतार शहाण्यासारखा वागतो. पावसात मात्र पाणी वरून कुठून येतं, कुठे मुरतं, कुठे माती घेऊन गढूळ धावतं, कुठे जमिनीतूनच पाझर फुटतो, हे सगळं उघड्यावर येतं. पाऊस थांबल्यावर दोन दिवसांनी पुन्हा जा. तेव्हाही एखाद्या पट्ट्यात पाय रुतत असेल, तर त्या पट्ट्याखाली पाणी अडून बसलं आहे.

मग झाडांची खोडं बघा. बुंध्यापाशी उताराकडे वाकलेलं आणि तिथून वळून सरळ वर गेलेलं खोड पुष्कळदा सांगत असतं की इथली माती वर्षानुवर्षं हळूहळू खाली सरकते आहे. एका झाडावरून निष्कर्ष काढू नका. उजेडाच्या ओढीने किंवा बर्फाच्या ओझ्याने एखादं झाड असं वाकू शकतं. पण एका पट्ट्यातली सगळीच झाडं तशी असतील, जमिनीत उताराला आडव्या चंद्रकोरीसारख्या भेगा असतील, पायथ्याशी माती फुगून आली असेल, तर घाई करू नका.

खडक उघडा पडलेला दिसला तर त्याचे थर कुठे कललेत तेही बघा. थर डोंगराच्या आत कलले असतील तर तुलनेने बरं. उताराच्या बाजूला बाहेर कलले असतील, तर तिरक्या धरलेल्या पत्त्यांच्या कॅटसारखे ते घसरायला तयार असतात, त्यात मधल्या थरांत पाणी शिरलं की आणखीच. या सगळ्यावर शेवटचा शब्द भू-तंत्र अभियंत्याचा, म्हणजे माती-खडकाची ताकद तपासणाऱ्या इंजिनिअरचा, आणि तो व्यवहार पक्का होण्याआधी घ्यायचा. पैसे दिल्यानंतर आलेला प्रतिकूल अहवाल माणसं मन लावून वाचत नाहीत, हे मी पाहिलं आहे.

‘तीव्र’ उतार म्हणजे नेमका किती?

कागदावर उतार कधी अंशांत, कधी टक्क्यांत लिहिलेला असतो आणि तिथेच गोंधळ होतो. ४५ अंश म्हणजे १०० टक्के. ३० अंश म्हणजे सुमारे ५८ टक्के, आणि २० अंश म्हणजे ३६ टक्के. माझ्या हिशोबाने १५ अंशांच्या पुढे घराचा विचारच बदलावा लागतो.

एक साधं गणित करून बघा. ३० अंशांच्या उतारावर १२ मीटर खोल घर उताराच्या दिशेने ठेवलं, तर त्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाखालच्या जमिनीत जवळजवळ ७ मीटरचा फरक पडतो, म्हणजे दोन मजल्यांहून जास्त. तेच घर आडवं वळवून समोच्च रेषांना (नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांना) समांतर ठेवलं आणि खोली ५ मीटरच ठेवली, तर फरक उतरतो ३ मीटरच्या आत, म्हणजे एका मजल्यावर. लांब, अरुंद, उताराला आडवं घर ही काही वास्तुकलेतली फॅशन नाही, ते या गणितातून आपोआप येतं.

आर्किटेक्टला भेटण्याआधी हातात काय असावं?

समोच्च रेषांचा नीट केलेला सर्व्हे. दोन रेषांमधलं उंचीचं अंतर अर्ध्या मीटरपेक्षा जास्त नको. दाट झाडीत नुसत्या ड्रोनवर विसंबू नका. कॅमेऱ्याला पानांचे शेंडे दिसतात, जमीन दिसत नाही. माणसाने टोटल स्टेशन (अंतर आणि कोन मोजणारं सर्व्हेचं यंत्र) घेऊन चालत केलेला सर्व्हे लागतो. त्यात प्रत्येक मोठ्या झाडाची जागा, जात, खोडाचा व्यास आणि पसारा हवा. मोठे शिलाखंड, ओघळी आणि पाझराच्या जागाही हव्यात. सोबत दोन-तीन बोअरचा, म्हणजे माती तपासायला पाडलेल्या खोल छिद्रांचा, माती-परीक्षण अहवाल. उतारावर एका बोअरने भागत नाही. वरच्या बाजूला दोन मीटरवर लागलेला खडक खालच्या बाजूला आठ मीटरवरही लागत नाही, असं सर्रास होतं.

सर्व्हेअरला एवढंच सांगा की झाडावर खिळा ठोकून नंबर लावू नकोस, सुतळीने बांध.

सरळ जागा सपाट करून घेतली तर काम सोपं नाही का होणार?

सोपं वाटतं खरं. २० अंशांच्या उतारावर १० मीटर रुंद सपाटी करायची तर मागे साधारण १.८ मीटर खोदाई आणि पुढे तितकाच भराव येतो. यंत्र दोन दिवसांत ते करून देतं. त्यानंतर जे सुरू होतं त्याचा विचार त्या दोन दिवसांत कुणी केलेला नसतो.

उतार टिकून असतो तो पायथ्याचं वजन वरच्या मातीला रेटून धरतं म्हणून. खोदाईत आपण तो आधार काढून घेतो आणि भरावात उताराच्या माथ्यावर नवं ओझं ठेवतो. दोन्ही चुका एकाच वेळी. शिवाय भराव कितीही दाबला तरी मूळ जमिनीसारखा होत नाही. तो २०-३० सेंटिमीटरच्या थरांनी, योग्य ओलाव्यावर, एकेक थर दाबत करायचा असतो, पण प्रत्यक्षात पुष्कळदा डंपर सरळ उलटा होतो. मग घर अर्धं खोदलेल्या घट्ट जमिनीवर आणि अर्धं भरावावर उभं राहतं, दोन्ही अर्धी वेगवेगळ्या वेगाने खचतात आणि मधोमध भिंतीला तिरकी भेग पडते.

आणि संरक्षक भिंत. तिची उंची दुप्पट केली की मातीचा रेटा चौपट होतो आणि भिंतीला उलथवू पाहणारा जोर आठपट. म्हणून तीन मीटरची एक भिंत बांधण्यापेक्षा अंतर सोडून दीड-दीड मीटरच्या दोन भिंती पुष्कळदा शहाणपणाच्या ठरतात. दोघींमध्ये पुरेसं अंतर मात्र हवं. खूप जवळ आल्या तर वरच्या भिंतीचं ओझं खालचीवर पडतं. मागे पाणी तुंबलं तर काय होतं, तेही आकड्यात बघा. ३ मीटर उंच भिंतीमागे पाणी काठोकाठ भरलं, तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर नुसत्या पाण्याचाच रेटा साधारण साडेचार टन पडतो. मातीचा वेगळा.

माझ्या सुरुवातीच्या एका कामात अशी एक भिंत पुढे झुकली. ठेकेदाराने वीप होल, म्हणजे मागचं पाणी बाहेर यायला भिंतीत ठेवायची भोकं, ठेवली होती, नकाशाप्रमाणे अगदी ओळीत. आम्ही एका भोकात सळई घातली, ती वीतभर जाऊन अडली. मागे खडीचा थर आणि गाळण-कापड घालायचं राहून गेलं होतं, चिकणमाती थेट भिंतीला भिडली होती. भोकं होती, पण पाण्याला त्यांच्यापर्यंत यायला वाट नव्हती. देखरेख माझी होती. तेव्हापासून भिंतीमागचं भरण होताना मी स्वतः साइटवर उभी राहते.

मग घर जमिनीवर टेकवायचं तरी कसं?

ढोबळमानाने तीन रीती आहेत आणि चांगल्या घरात त्यांची सरमिसळ असते.

पहिली, घर उताराबरोबर पायऱ्या-पायऱ्यांनी उतरवायचं. अर्ध्या-अर्ध्या मजल्याच्या फरकाने खोल्या खाली येत जातात. जमीन जवळ राहते, प्रत्येक खोलीतून चार पावलांत बाहेर जाता येतं. जिने मात्र वाढतात आणि छपरांचे जोड वाढतात. प्रत्येक जोड ही गळतीची संभाव्य जागा.

दुसरी, मागची बाजू डोंगरात रुतवायची आणि पुढची उघडी सोडायची. मागची भिंत इथे संरक्षक भिंतच होते, त्यामुळे तिच्यामागचा निचरा आणि जलरोधन ही घराच्या जिवाची गोष्ट बनते. कोठार, बाथरूम, जिना अशा कमी उजेड चालणाऱ्या जागा त्या बाजूला टाकायच्या. आतलं तापमान स्थिर राहतं हा मोठा फायदा.

तिसरी, खांबांवर उचलायचं. पाणी खालून वाहत राहतं, मुळं श्वास घेतात, प्राणी ये-जा करतात. ऑस्ट्रेलियन वास्तुरचनाकार ग्लेन मर्कट, ज्यांना २००२ साली वास्तुकलेतला प्रित्झकर पुरस्कार मिळाला, ते तिथल्या आदिवासींचं एक वचन नेहमी सांगत आले आहेत, त्याचा आशय असा की धरतीला हलकेच स्पर्श करा. खांबांवरचं घर म्हणजे त्याचा अगदी शब्दशः अर्थ. लॉस एंजेलिसमधलं, वास्तुरचनाकार जॉन लॉटनर यांचं १९६० सालचं ‘केमोस्फिअर’ हे याचं टोक आहे. सुमारे ४५ अंशांचा, बांधायला अशक्य मानलेला उतार, आणि त्यावर एकाच काँक्रीट खांबावर तोललेलं अष्टकोनी घर. प्रत्येकाने तसं बांधावं असं अजिबात नाही. पण अवघड उतारावर जमिनीला किती कमी ठिकाणी हात लावून भागू शकतं, हे त्या घराकडे पाहून कळतं.

पायासाठी मोठे खड्डे घेण्याऐवजी मायक्रोपाइल (बारीक भोक पाडून त्यात भरलेले पायाचे खांब) किंवा स्क्रू पाइल (स्क्रूसारखे पिळून जमिनीत घातलेले पोलादी खांब) वापरता आले तर जंगलात त्यांचा फार उपयोग होतो. यंत्र लहान असतं, खोदलेली माती जवळजवळ नसते, आणि वाटेत जाड मूळ आलं तर खांब थोडा बाजूला घेता येतो. डिझाइनमध्येच तेवढी मुभा ठेवायची, म्हणजे वरचा बीम दोन्ही बाजूंना थोडी सरकासरक सहन करेल असा घ्यायचा.

खांबांवरचं घर भूकंपात धोक्याचं नाही का?

नीट विचार न करता बांधलं तर आहे. उतारावर वरच्या बाजूचे कॉलम आखूड आणि खालचे लांब असतात. आपल्याला भीती लांबांची वाटते, पण अडचण आखूडांची असते. कॉलमची उंची निम्मी झाली की त्याचा ताठपणा आठपट होतो आणि भूकंपाचा बहुतेक जोर तोच ओढून घेतो. आधी तो फुटतो, मग बाकीच्यांवर भार जातो आणि घर पीळ खातं. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात लॉस एंजेलिसच्या टेकड्यांवरची खांबांवरची काही घरं कोसळली, आणि त्यानंतर अशा घरांचा मजला वरच्या बाजूच्या पायाला पक्का बांधण्याविषयी तिथे नियम आले.

उपाय स्ट्रक्चरल इंजिनिअरला माहीत असतात. सगळे खांब तळाशी टाय बीमने (आडव्या तुळयांनी) जोडणं, तिरके ब्रेसिंग (आधाराचे दांडे) देणं, मजल्याचा स्लॅब डोंगराकडच्या मजबूत पायाला जखडणं, कधी आखूड कॉलमभोवती खड्डा मोकळा ठेवून त्याची खरी उंची वाढवणं. तुम्ही फक्त एवढं विचारा: ‘आखूड कॉलमचं काय केलंत?’ उत्तर लगेच यायला हवं.

पावसाच्या पाण्याची व्यवस्था कधी आणि कशी करायची?

सगळ्यात आधी. घराची जागासुद्धा त्यानंतर.

जंगलातली जमीन स्पंजासारखी असते. पालापाचोळा थेंबाचा मार झेलतो, खाली मुळांच्या आणि गांडुळांच्या वाटांनी पाणी मुरतं, आणि उरलेलं सावकाश उतरतं. आपण तिथे छप्पर ठेवतो. २०० चौरस मीटरच्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की २०,००० लिटर पाणी जमतं. एरवी तेवढ्या जागेत पसरून मुरणारं हे पाणी आता एकाच पन्हळीच्या तोंडातून, एकाच जागी, धारेने खाली पडतं. एका मोसमात तिथे ओघळ पडते, दुसऱ्या मोसमात ती गुडघाभर होते, आणि तिच्या काठावर एखादा कॉलम उभा असतो.

मी कागदावर दोन रंगांच्या पेन्सिलींनी काम करते. निळ्याने वरून येणारं पाणी, लालने आपण गोळा केलेलं. निळं पाणी घराच्या मागे, पुरेशा अंतरावर, एका उथळ चराने अडवून दोन्ही बाजूंनी वळवायचं आणि त्याच्या जुन्या वाटेला नेऊन सोडायचं. शेजाऱ्याच्या जमिनीत नव्हे. चर काँक्रीटचा करायची गरज बहुतेकदा नसते. दगड लावलेला, गवत उगवलेला चर पाण्याचा वेग मोडतो. लाल पाणी आधी टाकीत साठवायचं आणि ओसंडेल ते एका जागी न सोडता समोच्च रेषेला धरून लांबवर पसरवायचं. खडी भरलेल्या आडव्या चरातून ते काठभर सारखं झिरपलं पाहिजे. त्यासाठी चराचा काठ पाणसळीने अगदी समपातळीत हवा. दोन सेंटिमीटर जरी कुठे खाली राहिला तर सगळं पाणी तिथूनच पडतं आणि केलेल्या कामावर पाणी फिरतं.

भू-तंत्र अहवालात उतार मुळातच नाजूक म्हटला असेल, तर पाणी मुरवायच्या भानगडीत पडू नका. तिथे पाइपने बांधून थेट खालच्या नैसर्गिक ओढ्यापर्यंत न्यायचं आणि तोंडाशी मोठे दगड टाकायचे.

पन्हळींबद्दल थोडं. दाट झाडीखाली पन्हळ पानांनी भरतेच, जाळी लावली तरी जाळीवर पानं बसतात. जिथे शक्य तिथे मी पन्हळ टाळते, छप्पर भरपूर पुढे काढते आणि पागोळ्या जिथे पडतात तिथे खाली खडीचा पट्टा देते. पाऊस सुरू झाला की समोर पाण्याचा पडदा तयार होतो, तो बघण्यासाठी लोक त्या पट्ट्याशेजारी बाक टाकून बसतात.

झाडापासून किती अंतर सोडायचं?

झाडाची मुळं खोल जातात हा समज आधी सोडून द्या. बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या साधारण ६० सेंटिमीटरमध्येच पसरलेली असतात आणि फांद्यांच्या घेराच्या बरीच बाहेर जातात. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनच्या मानकांमध्ये एक सोपा नियम आहे. छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास मोजायचा, त्याची १२ पट करायची, आणि तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ राखून ठेवायचं. ४० सेंटिमीटर जाडीच्या झाडाला ४.८ मीटर. त्या वर्तुळात खोदाई नाही, भराव नाही, सिमेंट कालवणं नाही, गाडी लावणं नाही.

‘भराव नाही’ हे लोकांना पटत नाही. माती काढली नाही, उलट घातली, मग काय बिघडलं? पण मुळांना हवा लागते. वर वीतभर चिकण माती दाबून टाकली तरी ती गुदमरतात. झाड लगेच मरत नाही. दोन-तीन वर्षांनी शेंडा वाळायला लागतो, तोवर ठेकेदार कधीच गेलेला असतो आणि दोष किडीवर जातो.

हातकुदळीने जपून खोदताना मुळाची पहिली खूण दिसते ती मातीच्या रंगात. मुळाभोवती माती जरा काळपट, भुसभुशीत असते, बारीक तंतूंची जाळी हाताला लागते, मग मनगटाएवढं तांबूस मूळ. तिथे थांबायचं. ओल्या गोणपाटाने ते झाकायचं आणि इंजिनिअरला फोन करायचा. मला वाटतं, अशा साइटवर सगळ्यात महत्त्वाचा माणूस तो कुदळवाला असतो. त्याला कुठे थांबायचं हे कुणीतरी समजावून सांगायलाच हवं.

उतारावर झाडं राखण्याचं आणखी एक कारण आहे. मुळं माती शिवून धरतात. झाड तोडलं की मुळं काही दिवस धरून ठेवतात, पण पुढच्या काही वर्षांत कुजतात आणि ती शिवण उसवते. म्हणून तोडीनंतर पहिल्या पावसाळ्यात काही झालं नाही म्हणजे धोका टळला, असं नसतं.

डेकमधून, म्हणजे घराबाहेरच्या लाकडी ओट्यातून, झाड वर येऊ दिलं तर?

छान दिसतं, पण मोकळी जागा सोडा. झाड जाड होतं आणि वाऱ्यात डोलतं. भोवतीची पट्टी सुटी ठेवा, म्हणजे दर काही वर्षांनी कापून भोक मोठं करता येईल. छपरातून मात्र झाड काढू नका. तो जोड कधीच बंद होत नाही.

आधुनिक घर म्हणजे भरपूर काच. जंगलात ती कशी वापरावी?

आधी हे ठरवा की काय बघायचं आहे. सबंध भिंत काचेची केली की पहिल्या आठवड्यात भारावून जायला होतं आणि नंतर डोळा कुठेच ठरत नाही. उतारावरच्या घराला एक दुर्मीळ गोष्ट मिळालेली असते: वेगवेगळ्या पातळीवरून झाड बघता येतं. खालच्या मजल्यावर बुंधा आणि नेचे, मधल्यावर खोड, वरच्यावर थेट शेंड्यातली पाखरं. डोंगराकडच्या बाजूला जमिनीलगत आडवी खिडकी द्या, तिच्यातून ओलं शेवाळ आणि पाचोळा अगदी डोळ्यासमोर येतो. तशी एक खिडकी दरीकडच्या मोठ्या काचेइतकीच मोलाची असते.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ‘फॉलिंगवॉटर’ या घराचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. १९३५ साली वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांनी ते आखलं तेव्हा घरमालक काउफमन यांची अपेक्षा होती की घर समोर असेल आणि तिथून धबधबा दिसेल. राइट यांनी घर धबधब्याच्या डोक्यावरच ठेवलं. धबधबा घरातून समोर दिसत नाही, त्याचा आवाज मात्र घरभर असतो. जागेवरचा मोठा शिलाखंड तसाच ठेवून त्यावर चूल-शेकोटीची जागा आली. जागेत जे आहे ते कुठल्या इंद्रियाला द्यायचं, हा प्रश्न त्यांनी विचारला.

पक्ष्यांचा विचार केल्याशिवाय जंगलात काच लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. काचेत झाडांचं प्रतिबिंब पडतं आणि पक्षी तिकडे झेपावतात. काचेच्या बाहेरच्या अंगाला ठिपके किंवा रेघा हव्यात, त्यांच्यातलं अंतर ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. ससाण्याच्या आकाराचा एखादा स्टिकर चिकटवून उपयोग होत नाही, पक्षी त्याला वळसा घालून शेजारच्या काचेवर आदळतात. कोपऱ्यातली दोन्हीकडून आरपार दिसणारी काच सर्वांत घातक. रात्रीचे बाहेरचे दिवे मंद, पिवळसर आणि खाली तोंड केलेले ठेवा.

बाहेरून रंग आणि साहित्य कसं निवडावं?

जंगलाचा रंग हिरवा असतो, असं समजून घर हिरवं रंगवू नका. रंगाचा हिरवा कधीच पानांच्या हिरव्यात मिसळत नाही. खोड, सावली, ओला दगड यांचे करडे-तपकिरी-काळपट रंग घ्या, घर मागे सरकतं. न रंगवलेलं लाकूड करडं पडतं ते पडू द्या, पण ते जमिनीपासून किमान वीतभर तरी वर ठेवा. दगड जागेवर खोदताना निघालेलाच वापरता आला तर उत्तम.

झाडीखाली घर दमट आणि अंधारं होणार नाही का?

होऊ शकतं, हे मान्य करून चाला. समोरासमोर खिडक्या, वरच्या बाजूला हवा बाहेर जायला उघडणारी झडप, मजल्याखालून खेळती हवा, आणि कपाटं बाहेरच्या भिंतीला न चिकटवणं. उजेड वरून घ्या. डोंगराच्या बाजूला छपराखाली उंच खिडक्यांची ओळ दिली तर मागच्या खोल्याही उजळतात. उजेडासाठी झाडं तोडण्याआधी जाणकाराकडून काही फांद्या विरळ करून बघा. उतार सूर्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून असेल, तर अडचण झाडांची नसतेच. डोंगराचीच सावली असते आणि ती हलवता येत नाही.

जंगलातल्या आगीचं काय?

आग उतारावर वर धावते. ज्वाला वरच्या झुडपांना आधीच तापवतात, त्यामुळे उतार १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा अग्निशमनात वापरतात. म्हणून उताराच्या अगदी कड्यावर, माथ्यावर घर पुढे काढणं टाळा आणि खालच्या बाजूची झुडपं जास्त अंतरापर्यंत साफ ठेवा.

घरं मुख्यतः पेटतात ती वाऱ्याबरोबर उडून आलेल्या ठिणग्यांनी. त्या पन्हळीतल्या सुक्या पानांत, डेकखाली रचलेल्या लाकडांत, झरोक्यातून माळ्यावर पडतात. भिंतीपासून पहिला दीड मीटर पट्टा पूर्ण दगड-खडीचा ठेवा. झरोक्यांना ३ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक धातूची जाळी बसवा. खांबांवरच्या घराचं पोट, म्हणजे मजल्याची खालची बाजू, न जळणाऱ्या पत्र्याने बंद करा आणि त्याखाली काहीही साठवू नका. झाडं राखायची आणि आगीपासून जपायचं यांत ओढाताण आहे, ती मी लपवत नाही. मोठी, उंच झाडं ठेवून त्यांच्या खालच्या फांद्या आणि खालची दाट झुडपं कमी केली, तर बरंच जमून येतं.

गाडी घरापर्यंत आलीच पाहिजे का?

रस्ता हा पुष्कळदा घरापेक्षा जास्त जंगल खातो. रस्ता आणि घर यांच्या पातळीत ६ मीटरचा फरक असेल आणि चढ १:८ (आठ मीटरला एक मीटर) ठेवायचा असेल, तर ४८ मीटर लांबीचा रस्ता कापावा लागतो, वळणं आणि गाडी वळवायची जागा वेगळीच. तेच अंतर १५ सेंटिमीटरच्या ४० पायऱ्यांत उरकतं. मी बहुतेक वेळा गाडी वरच्या रस्त्यालाच ठेवायला सांगते आणि तिथून एक हलका पूल थेट वरच्या मजल्यावर आणते. माणूस झाडांच्या शेंड्यांमधून घरात येतो. बैठक आणि स्वयंपाकघर वर, झोपायच्या खोल्या खाली, शांत आणि थंड.

हाच पूल म्हातारपणीही कामी येतो. वरच्या मजल्यावर एक झोपायची खोली आणि बाथरूम आधीपासून ठेवलं, तर गुडघे दुखायला लागल्यावर घर सोडावं लागत नाही. अग्निशमन आणि रुग्णवाहिकेची गाडी कुठपर्यंत येऊ शकते हे मात्र स्थानिक नियमांप्रमाणे आधी तपासा.

सेप्टिक टँक कुठे?

घरापेक्षा उताराच्या खालच्या बाजूला, पण उताराच्या काठावर नाही. शोषचर, म्हणजे टँकमधलं पाणी जमिनीत मुरवणारे चर, समोच्च रेषेला समांतर घ्या, मोठ्या झाडांच्या वर्तुळाबाहेर, आणि संरक्षक भिंतीच्या वर कधीच नको. टँक उपसायला नळी पोहोचेल का, हेही बघून ठेवा.

फॉलिंगवॉटरसारखे लांब सज्जे करता येतील?

येतील. पण त्या घराची पुढची गोष्टही ऐका. मुख्य सज्ज्यांमध्ये लोखंड कमी पडलं होतं. बांधताना इंजिनिअरांनी ते वाढवूनसुद्धा कमी पडलं. काँक्रीटच्या साच्याच्या फळ्या काढल्यापासूनच सज्जे वाकायला लागले आणि काही दशकांत टोकं सुमारे १८ सेंटिमीटर खाली आली. २००२ साली आतून पोलादी केबल ताणून त्यांना धरावं लागलं. सज्जा जेवढा बाहेर तेवढंच, किंबहुना जास्त वजन मागे डोंगरात हवं. इंजिनिअर नको म्हणाला तर वाद घालू नका.

खर्च सपाट जागेपेक्षा बराच जास्त येतो का?

येतो, आणि तो जमिनीखाली जातो. पाया, निचरा, भिंती, सामान हातांनी उतरवणं. त्यासाठी घर लहान करा. दोन खोल्या कमी करून वाचलेला पैसा पायात घालणाऱ्यांना पश्चात्ताप झालेला मी पाहिला नाही. निचऱ्याच्या कामातून मात्र एक पैही वाचवू नका.

बांधकाम चालू असताना जंगलाचं नुकसान कसं टाळायचं?

पहिल्या दिवशी, पहिली वीट येण्याआधी, झाडांच्या वर्तुळांना खरं कुंपण घाला. रिबिनीला कुणी जुमानत नाही. घराच्या बाह्यरेषेपासून कामासाठी किती मीटर वापरायचे ते करारात लिहा. वरची काळी माती वेगळी काढून, झाकून ठेवा, शेवटी तीच परत पसरायची आहे, तिच्यात त्या जागेचं बी असतं. सिमेंटचं धुणपाणी मातीत सोडू देऊ नका, त्याने मातीचा सामू (पीएच) बदलतो. खोदाई कोरड्या दिवसांत सुरू करून पावसाआधी बंद झाली पाहिजे. उघडा कापलेला उतार एका रात्रीच्या पावसासाठीसुद्धा ताडपत्रीशिवाय सोडायचा नाही.

घर झालं. आता कशावर लक्ष ठेवायचं?

मोसमाच्या पहिल्या मोठ्या पावसात, पाऊस चालू असतानाच, घराभोवती एक फेरी मारा. वीप होलमधून पाणी येतंय का? स्वच्छ येत असेल तर ठीक. गढूळ येत असेल तर मागची माती वाहून जाते आहे, आणि एरवी वाहणारी भोकं कोरडी असतील तर कुठेतरी अडलं आहे. चर साफ करा. भिंतीवर भेग दिसली तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी खूण करा आणि शेजारी तारीख लिहा. महिन्याने खुणेच्या पुढे भेग गेली असेल तर इंजिनिअरला बोलवा. न गेली असेल, तर दुसरी तारीख लिहून ठेवा.